मी अटी वाचल्या आहेत

नेरूळ, नवी मुंबई
८ जून २०२५

ज्यांच्या करुणेने वाट दिसली त्या तथागतांना, त्यांनी दाखवलेल्या वाटेला आणि त्या वाटेने आपल्या आधी चालून गेलेल्या सर्वांना प्रथम वंदन.

चि. क्रांती हिस मामाचा सप्रेम जयभीम.

वंदनानंतर मूळ विषय. माझा लॅपटॉप बंद पडला आहे. 'बंद पडला' हे म्हणणे तितके काटेकोर नाही. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा होतो आणि त्यावर एक इंग्रजी वाक्य उमटते की ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही. ती कोठे गेली, हे यंत्र सांगत नाही. आपल्याजवळ मुख्य गोष्टच नसल्याची इतकी सरळ कबुली मी न्यायालयात अनुवादक असताना माणसांकडूनही क्वचित ऐकली. त्यामुळे मला त्याचा राग आलेला नाही.

निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी हा लॅपटॉप दिला तेव्हा त्याबरोबर एक सीडी आली होती. ती घालून सिस्टीम पुन्हा बसवता येते, असे खोक्यावर छापले आहे. परंतु सीडीचा कप्पा उघडत नाही. आत परित्राणपाठाची जुनी सीडी अडकलेली आहे. तुझ्या मामीने केसांतील आकड्याने ती काढण्याचा प्रयत्न केला. आता आकडाही आत आहे.

निकड अशी की आषाढ पौर्णिमा दहा जुलैला आहे. त्या सायंकाळी विहारात वर्षावास सुरू होईल आणि पावसाचे तीन महिने रोज सुत्तांचे, म्हणजे बुद्धवचनांचे, वाचन होईल. मी केलेला मराठी अर्थ, आसनावर बसून, लॅपटॉपवरून वाचण्याचे काम इतकी वर्षे माझ्याकडे आहे. विहाराचे सचिव आकाश सकपाळ परवा घरी येऊन फार विनयाने म्हणाले, "काका, या वर्षी तुम्ही आराम करा. मी वाचेन." मी त्यांना चहा दिला. आराम करणार नाही, हे त्यांना चहा संपल्यावर सांगितले.

तू चिपळूणला मुलांना संगणक शिकवतेस. तेव्हा कप्प्याविना सिस्टीम कशी बसवावी, ते क्रमाने लिहून पाठव. फोन नको. फोनवर तू घाई करतेस आणि मी हो म्हणत राहतो.

तुझा मामा,
सदानंद तांबे

---

चिपळूण
१४ जून

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

कप्प्याचा नाद सोडा. परित्राण, आकडा, सगळं आत सुखाने राहू दे. हल्ली सीडी कोणी वापरतच नाही. सोबत पेन ड्राइव्ह पाठवतेय. त्यात फुकट मिळणारी, मराठीत चालणारी सिस्टीम भरून दिली आहे.

पेन ड्राइव्ह डाव्या बाजूच्या खाचेत घाला. लॅपटॉप सुरू करा आणि लगेच F12 दाबा. एक यादी येईल. त्यात बाणाच्या बटणाने USB वर जा आणि एन्टर करा. भाषा मराठी निवडा. मग अटींचं पान येईल, ते मान्य करा. मग 'सर्व पुसून नव्याने बसवा' निवडा. घाबरू नका. तुमच्या मजकुराची प्रत आकाशदादाकडे आहे असं तुम्हीच मागे सांगितलं होतंत, त्यामुळे बिनधास्त पुसा. शेवटी नाव आणि पासवर्ड विचारेल. झालं.

आणि मामा, एक विचारू? तुमचा तो अर्थ विहाराने पुस्तक म्हणून छापलाय. माझ्याच कपाटात त्याच्या प्रती आहेत. मग पुस्तकातून का वाचत नाही? लॅपटॉप हवाच कशाला?

मामीला सांगा, तिकडच्या सुक्या जवळ्याची पिशवी मिळाली. वर्गात वास सुटला होता.

तुमची,
क्रांती

---

नेरूळ
१९ जून

चि. क्रांती हिस सप्रेम जयभीम.

पत्र आणि पेन ड्राइव्ह पोचले. तुझ्या सूचना सूत्रासारख्या आखीव आहेत. परंतु सूत्राला भाष्य लागते, ते तू दिलेले नाही.

पेन ड्राइव्ह खाचेत घातला. लॅपटॉप सुरू केला. कोणतेही नवे कार्य त्रिशरणाशिवाय आरंभू नये या नियमाने हात जोडले, डोळे मिटले आणि त्रिशरण म्हटले. मग पंचशीलही म्हटले, कारण एक म्हणून दुसरे सोडणे मला कधी जमलेले नाही. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर तेच जुने वाक्य होते. मी F12 दाबले. काही झाले नाही. असे तीनदा केले. तिसऱ्या वेळी तुझी मामी म्हणाली, "यंत्राला भंते समजताय काय? ते थांबणार आहे होय तुमच्यासाठी?"

पुस्तकाविषयी तू विचारलेस. छापील मजकूर हा होऊन गेलेला असतो. पडद्यावरील मजकूर क्षणोक्षणी प्रकाशाने नव्याने घडत असतो. अनित्यतेची देशना करताना साधनही अनित्य असणे मला उचित वाटते. या विषयावर अधिक लिहिता येईल, पण ते येथे आवश्यक नाही.

एक विनंती. पुढील पत्र हाताने न लिहिता छापून पाठव आणि अक्षरे पुरेशी मोठी ठेव. बटणे दाबताना तुझी मामी शेजारी असते. तिलाही वाचता आले पाहिजे.

तुझा मामा

---

चिपळूण
२४ जून

आदरणीय मामा,

हे पत्र दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत छापलंय. कागद इतके झाले की पोस्टातल्या बाईंनी विचारलं, दिवाळी अंक पाठवताय का.

त्रिशरण आधी. पंचशीलही आधी. बटण नंतर.

आणि F12 एकदा नाही दाबायचं. सोसायटीची लिफ्ट येत नाही तेव्हा आपण बटण कसं दाबत सुटतो, तसं दाबत राहा. यादी येईपर्यंत.

आता महत्त्वाचं. मामीला एवढी मोठी अक्षरं लागतात? मला धस्स झालं. मोतीबिंदू असणार. आपल्याकडच्या बायका डोळ्यांचं लपवतात, आईनेही लपवलं होतं. प्लीज, सगळं बाजूला ठेवा आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. तिने नाही म्हटलं तरी न्या.

क्रांती

---

नेरूळ
३० जून

चि. क्रांती हिस सप्रेम जयभीम.

तुझ्या सूचनेप्रमाणे मामीला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. तिने तक्त्यावरील सर्वांत बारीक ओळ वाचली. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील एकादशी वाचली आणि शेवटी डॉक्टरांच्या पदवीखाली लिहिलेले गावही वाचले. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे विरळा. परत येताना तिने सारसोळ्याच्या बाजारात बोंबील घेतले आणि दुपार वाया गेल्याबद्दल मला रस्ताभर ऐकवले. "माझ्या डोळ्यांना काय झालं होतं? आणि त्या खोलीत तुमी खुर्ची सोडून पेपराच्या गठ्ठ्यावर काय बसलात?" मी मौन पाळले.

आता मुख्य वृत्तांत. शरण आधी, बटण नंतर या क्रमाने यादी प्रकट झाली. USB निवडले. निळा पडदा आला. भाषा मराठी घेतली. येथवर सर्व सुरळीत झाले.

त्यानंतर अटींचे पान आले. पानाच्या तळाशी एक चौकोन आहे. त्याच्यापुढे लिहिले आहे, "मी वरील सर्व अटी वाचल्या आहेत व त्या मला मान्य आहेत." तुझ्या मामीने हे वाक्य वाचले आणि म्हणाली, "टिचकी मारा."

मी मारली नाही.

चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. विहारात लग्न असो, नामकरण असो, घरभरणी असो, हे शील मी लोकांना देत आलो. मी अटी वाचलेल्या नाहीत. वाचल्या आहेत असे म्हणणे खोटे आहे. यंत्राशी बोललेले खोटे मोजू नये, असा अपवाद मला कोठे आढळला नाही. अटी पुष्कळ आहेत आणि त्यांची अक्षरे फार बारीक आहेत.

त्या दिवसापासून लॅपटॉप त्याच पानावर उघडा आहे. वायर लावून ठेवली आहे. तुझी मामी त्याच्या कडेकडेने धूळ पुसते. काल आकाश आले. पडद्याकडे पाहून म्हणाले, "काका, चौकोनावर क्लिक करा ना." मी त्यांना चहा दिला.

पौर्णिमा जवळ येत आहे. काही मार्ग असल्यास कळव.

तुझा मामा

---

चिपळूण
४ जुलै

आदरणीय मामा,

सकाळपासून लाइट नाहीये, प्रिंटर बंद आहे, म्हणून हातानेच लिहितेय. घाईत आहे, अक्षर गोड मानून घ्या.

मामा, त्या अटी जगात कोणी वाचत नाही. मी शिकवते, मी वाचत नाही. ज्यांनी लिहिल्या त्यांनीही दुसऱ्यांदा वाचल्या नसतील. टिचकी मारा आणि मोकळे व्हा.

इथपर्यंत लिहिलं होतं. मग तुमचं पत्र पुन्हा काढलं, चौकोनाचं वाक्य नक्की काय होतं ते बघायला. या वेळी नुसती अक्षरं बघितली. एका पानावर सहा ओळी. तिसरी ओळ चौथीवर चढलीय. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तळाशी, छापखान्याच्या नावातली वेलांटी चुकलीय म्हणून तुम्ही सगळी पत्रिका परत पाठवली होतीत. त्या माणसाच्या ओळी एकमेकींवर चढत नाहीत.

पुस्तकातून वाचायचं नाही. पत्र मोठ्या अक्षरात हवं. मामीचे डोळे उत्तम. दवाखान्यात खुर्ची सोडून गठ्ठ्यावर बसलात.

मामा, खरं सांगा. तुम्हाला दिसत नाही का?

क्रांती

---

नेरूळ
७ जुलै

क्रांती बाळ, तुझ्या मामीचा जयभीम.

तुझं पत्र आलं तवा हे ते घेऊन खिडकीशी गेले. लांब धरलं, जवळ धरलं, तिरकं धरलं. मग म्हणतात, "चांगुणा, आज माझा घसा बसलाय. तू वाच." मनातल्या मनात वाचायला घसा कशाला लागतो, एवढं मला सातवी शिकलेलीला कळतं. पण म्हटलं वाचू.

मोठ्यानं वाचत गेले. ते लग्नपत्रिकेचं आलं तवा मी हसले. मग पुढचं वाचलं, मामा तुम्हाला दिसत नाही का. वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलं ते.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, उठून गॅस बंद केला, परत आले.

मी विचारलं, "किती दिसतं?"

म्हणाले, "कडेचं दिसतं. मधलं जातं. तू समोर बसलीस की तुझा चेहरा नाही, मागची खिडकी दिसते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. लॅपटॉपवर अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं. त्यावर निभत होतं."

"म्हणून दिवाळीला मी नवी साडी नेसले तर काय बोललात नाय."

तर म्हणतात, "त्याच्या आधीही बोलत नव्हतो."

हे मात्र खरं बोलले.

मी रडले नाय. त्यांना म्हटलं, मला डॉक्टरकडे फिरवून आणलीत, तवा तुमचं चौथं शील कुठं गेलं होतं? तर म्हणाले, "मी खोटं काही बोललो नाही. गप्प होतो." मी म्हटलं, कोर्टात राहून हे शिकलात. मग ते म्हणाले, "आसन जाईल म्हणून बोललो नाही. ते गेलं तर मी दिवसभर काय करायचं, चांगुणा?" हे एवढं बोलले आणि चष्मा पुसत बसले. कशाला पुसायचा तो.

मग मी लॅपटॉप ओढला आणि अटी वाचायला घेतल्या. पहिलीपासून. हे मांडी घालून, हात जोडून ऐकत होते, विहारात बसतात तसे. जोडाक्षर अडलं की बाजूनं सांगायचे. अटी काय गं, सगळ्या फिरून फिरून एकच सांगतात, की काय बिघडलं तर आमी जबाबदार नाय. एका अटीला हे म्हणाले, "हे मला मान्य नाही." मी म्हटलं, मग काय करणार? म्हणाले, "पुढे वाच."

दुपार गेली. संपल्या. मी म्हटलं, आता मारा टिचकी. तर म्हणतात, "मी वाचल्या नाहीत. मी ऐकल्या."

क्रांती, मी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, "वाचल्या कोणी?"

"तू."

"मान्य कोणाला?"

"तुला असतील तर तुला."

"मला आहेत. माझं शील मोडतंय?"

जरा विचार करून म्हणाले, "नाही."

मी टिचकी मारली. सगळं पुसू का म्हणून विचारलं, मी म्हटलं पूस. बराच वेळ फिरत होतं. मग नाव विचारलं. मी माझंच टाकलं, अटी मान्य केल्या त्या मी. आता सुरू केला की पडद्यावर येतं, स्वागत आहे, चांगुणा. या घरात इतकी वर्षं झाली, असं कोणी बोललं नव्हतं.

आकाशकडून ह्यांचा मजकूर परत भरून घेतला आणि अक्षर मोठ्यात मोठं करून बघितलं. पडद्यावर एका वेळी दोन शब्द मावतात. आधी निभायचं, आता तेवढंही दिसत नाय; मान वाकडी करून कडेनं बघतात, एका ओळीला चहा निवतो. त्यांना कळलं. मला पण कळलं. लॅपटॉप चालू झाला, पण ज्यासाठी करायचा होता ते काय जमत नाय.

आकाश पुन्हा विचारून गेला. पौर्णिमेला कोण बसणार आसनावर? हे म्हणाले, "परवा सांगतो." तू फोन करू नको. तू रडशील, मग माझं काम वाढेल.

तुझी मामी,
चांगुणा

---

नेरूळ
१३ जुलै

चि. क्रांती हिस मामाचा सप्रेम जयभीम.

हे पत्र मी सांगतो आहे आणि तुझी मामी लिहिते आहे. जेथे भाषा घसरलेली दिसेल तेथे ती माझी नाही, असे समजावे. (हे मी लिहिणार नव्हते. लिही म्हणाले म्हणून लिहिलं. – मामी)

नेत्रतज्ज्ञांकडे या वेळी मीच गेलो. डोळ्यांच्या आतील पडद्याचा मधला भाग झिजला आहे. जे गेले ते परत येणार नाही, उरलेले टिकवण्यासाठी डोळ्यांत इंजेक्शने घ्यावी लागतील. पुढील आठवड्यात पहिले आहे.

पौर्णिमेचा वृत्तांत. विहार भरला होता. मी आसनाजवळ उभा राहिलो आणि सर्वांना सांगितले की मला वाचता येत नाही, दिवाळीपासून येत नाही आणि मी ते लपवले. मला चेहरे दिसत नसल्याने ते सांगणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले. त्यानंतर मी आकाश यांना आसनावर बसण्याची विनंती केली. ते मनाने चांगले आहेत. (रडला तो. ह्यांना दिसलं नाय. – मामी)

आकाश बसले, लॅपटॉप उघडला आणि यंत्राने पासवर्ड विचारला. पासवर्ड केवळ तुझ्या मामीला ठाऊक होता. मी तो सांगण्यास तिला सांगितले. ती बायकांमध्ये बसली होती. तिथूनच म्हणाली, "पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो. अटीत लिहिलंय. मी वाचल्यात." तशी अट खरोखरच आहे. तेविसावी. मी ऐकली आहे.

मग तिला पुढे यावे लागले. तिने पासवर्ड घातला. आकाश सरकले ते सरकलेच. तिला आता उठण्यास सांगणे कोणालाही शोभले नसते, आणि कोणी सांगितले नाही. तिने वाचावे आणि मी शेजारी बसून अर्थ विशद करावा, असे ठरले. (कोणी ठरवलं नाय. मी वाचायला लागले. – मामी)

प्रारंभी जे आपले नाही ते सोडून द्यावे, या आशयाचे सुत्त होते. जोडाक्षरांवर ती थांबे, मी सांगे. उच्चार शुद्ध नव्हते. ओळ संपली की मी विवेचन करी. असे चालू असताना ती एकदम थांबली. मला वाटले शब्द अडला. परंतु ती पडद्यावरून मान वर करून म्हणाली, "अहो, आपलं नाही ते सोडायचं, हे समजलं. शरीर नाही, मन नाही, डोळे नाहीत. पण मग आपलं काय, ते इथं लिहिलेलंच नाय. ते कुठल्या पानावर आहे?"

क्रांती, हे सुत्त मी प्रत्येक वर्षावासात वाचत आलो. माझ्या वाचनात आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला सभेची शिस्त समजत होतो.

मला उत्तर ठाऊक आहे असे वाटले. तोंड उघडले तेव्हा ठाऊक नाही असे आढळले. "उद्या सांगतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विहारात चटया कमी पडल्या. करावे आणि घणसोली गावाकडूनही माणसे आली होती. रिक्षाने आली, असे ऐकले. मी पुन्हा विवेचन केले. तुझी मामी ऐकून म्हणाली, "हे कालचंच झालं." लोक हसले. मी पुन्हा "उद्या" म्हणालो. आज चौथा दिवस. अद्याप उत्तर दिलेले नाही. चटया मात्र आकाश यांनी आणखी मागवल्या आहेत. (परवा मला म्हणाले, तुझा आवाज बरा आहे. हे पण लिही म्हटलं नव्हतं, मी लिहिलं. – मामी)

लॅपटॉप उत्तम चालतो आहे. तुझे उपकार मानतो. पुढील पत्र लहान अक्षरांत लिहिलेस तरी चालेल.

हे पत्र जे स्वतः वाचतील आणि ज्यांना कोणी तरी शेजारी बसून वाचून दाखवील, त्या सर्वांचे मंगल होवो. ज्याला जेवढे दिसते तेवढ्यात त्याला वाट सापडो, आणि जेथे सापडणार नाही तेथे प्रश्न विचारणारे कोणी तरी जवळ असो.

तुझा मामा,
सदानंद तांबे

(सही मी केली. त्यांना दाखवली. बरोबर आहे म्हणाले. – मामी)